जरा जाऊन येते!

परवा कपाट आवरायला काढलं आणि साड्यांच्या घडीखालून भिशीची जुनी वही निघाली. लाल पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. आमच्या फलटणमधल्या गल्लीतल्या बाराजणींची ही भिशी. महिन्याला पाचशे रुपये, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता. कुणाचा नंबर लागला, कुणाचे पैसे यायचे राहिले हे तर वहीत आहेच, पण खायला काय केलं होतं तेही लिहिलेलं. शेवटची नोंद ८ मार्च २०२०ची. 'महिला दिन. साबुदाण्याची खिचडी, ताक. पुढची भिशी १२ एप्रिल.' त्यापुढची पानं कोरी.

ती १२ एप्रिलची भिशी झालीच नाही. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, संध्याकाळी पाच वाजता आपण सगळ्यांनी दारात उभं राहून थाळ्या वाजवल्या. आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, सगळा देश कुलूपबंद झाला. मग थोडं उघडलं, पुन्हा बंद झालं, पुन्हा उघडलं. शेवटी राज्यातले निर्बंध उठले आणि मास्कची सक्ती गेली ती २ एप्रिल २०२२ला. तो दिवसही गुढीपाडव्याचाच. पाडव्याला लागलेलं दार दोन वर्षांनी पाडव्यालाच उघडलं म्हणायचं.

भिशीचे चार नंबर राहिले होते. त्यांचे पैसे आम्ही मोबाइलवरून एकमेकींना पाठवून टाकले. काहीजणी तर त्यानिमित्तानेच मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकल्या. पैशांचा हिशोब पैसा न् पैसा मिटला. भेटीचा मात्र तसाच राहिला. दार उघडल्यावर 'चला, आता भिशी सुरू करू या' असं कुणी म्हणालंच नाही. मीही नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही असंच झालं का हो? दुकानं उघडली, शाळा भरल्या, लग्नांचे बँड वाजायला लागले, पुरुषमंडळी चौकात पहिल्यासारखी उभी राहायला लागली. आणि आपण? आपल्यातल्या कितीतरीजणी अजून घरातच आहेत. कुणी अडवलं म्हणून नाही. मग का?

मी यावर खूप विचार केला, आणि मला वाटतं गोम अशी आहे. पुरुषाला बाहेर पडायला कारण लागत नाही. आमचे हे चपला पायात सरकवतात आणि म्हणतात, "जरा जाऊन येतो." कुठे, कशाला, किती वेळ, कुणी विचारत नाही. आपलं तसं नव्हतं आणि नाही. आपण कायम कारणाचं बोट धरून बाहेर पडत आलो. भाजी आणायला. मुलांना शाळेत सोडायला. राममंदिरात. हळदीकुंकवाला. दळणाला. त्या पिशवीभर भाजीमागे अर्धा तास गप्पा असायच्या, दळणाच्या डब्यामागे दोन सुखदुःखाच्या गोष्टी असायच्या. पण घरात सांगताना आपण भाजीच सांगायचो, गप्पा सांगायचो नाही.

कोरोनानं नेमकी आपली ही कारणंच एकेक करून काढून घेतली. भाजीची गाडी दारात यायला लागली. किराणा फोनवर. देवळं मार्च २०२०मध्ये बंद झाली, दिवाळीच्या पाडव्याला उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, ती उघडली थेट ७ ऑक्टोबर २०२१च्या घटस्थापनेला. पोरांची शाळा मोबाइलवर, आणि घरातला मोबाइल म्हणजे बहुतेक वेळा आईचाच. २०२१च्या एप्रिलमध्ये तर लग्नाला पंचवीसच माणसं आणि दोनच तासांची परवानगी होती. घरातून एकानं जायचं म्हटल्यावर कोण जाणार? तुम्हीच सांगा. त्यातून सावरतोय तोवर एसटीचा संप झाला. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास थांबलेल्या गाड्या सुरळीत व्हायला २०२२चा एप्रिल उजाडला. शहरातल्या बायकांना रेल्वे असेल, रिक्षा असेल. आपल्याला माहेरी जायचं तर एसटीच.

मग २०२२ साली सगळं उघडलं तेव्हा आपल्या हातात कारणच उरलं नव्हतं. भाजीवाला दारात येतोच आहे. कीर्तन मोबाइलवर दिसतंय. 'मग कशाला जायचं उगीच?' हे आता घरातलं कुणी म्हणत नाही, आपलं आपणच म्हणतो.

माझ्या आजेसासूबाई प्लेगच्या गोष्टी सांगायच्या. १८९६मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तिथून पुण्यात आणि गावोगाव पसरला आणि नंतर कितीतरी वर्षं पुन्हा पुन्हा येत राहिला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ला गेल्या, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. २०२०मध्ये ज्या साथरोग कायद्याचा सरकारनं आधार घेतला, तोही त्याच १८९७ सालातला. आजेसासूबाई लहान असताना त्यांच्या गावात उंदीर पडायला लागले की सगळं गाव उठून रानात जायचं. शेतात झोपड्या घालायच्या. "चुली शेजारी शेजारी, भिंत नाय की दार नाय. साऱ्या बायका एकमेकींच्या नजरंसमोर," असं त्या सांगायच्या. भीती होती, माणसं मरत होती, पण बायका एकट्या नव्हत्या. आमच्या वाट्याला उलटं आलं. त्यांना रोगानं घराबाहेर काढलं, आम्हाला घरात घातलं. रानातून परत आल्यावर घर झाडून, सारवून त्या पुन्हा राहायला लागल्या. आम्ही कुठून परत यायचं? आम्ही तर घरातच होतो.

आणि घरात होतो म्हणजे निवांत होतो का? चोवीस तास सगळी माणसं घरात. दोनदा चहा व्हायचा तिथे पाचदा व्हायला लागला. भाज्या धुणं, दुधाच्या पिशव्या धुणं, दाराच्या कड्या पुसणं. धुण्याभांड्याच्या मावशी बंद, आणि त्या मावशींच्या घरची चूल कशी पेटत होती ते त्यांनाच ठाऊक. घरात इतकी माणसं असूनही बोलायला कुणी नव्हतं, हे ज्यांनी अनुभवलं त्यांनाच कळेल.

खरं सांगायचं तर काही गोष्टी बऱ्याही झाल्या. तेही कबूल करायला हवं. कर्ज न काढता लग्नं झाली. देण्याघेण्याच्या साड्यांचे गठ्ठे नाहीत, मानपानाचे रुसवे नाहीत. ज्यांना माणसांत मिसळायची मुळातच आवड नाही, त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आमच्या ह्यांनी त्या काळात भेंडी चिरायला शिकून घेतलं, अगदी एकसारखी. (दुकान उघडल्यावर ते शिक्षण कुठे गेलं, देव जाणे.) त्यामुळे घरात राहणं वाईट आणि बाहेर पडणं चांगलं, असं मला सरसकट म्हणायचं नाही. ज्या बाईला मनापासून घरात बरं वाटतं, तिनं खुशाल घरात राहावं. पण ते तिला आवडतं म्हणून की पाऊल उचलत नाही म्हणून, एवढं तिनं स्वतःला एकदा विचारावं.

कारण पाऊल उचलत नाही, हे खरं आहे. आमच्या शेजारच्या वहिनी २०२२च्या मे महिन्यात लेकीकडे बारामतीला निघाल्या. स्टँडवर गेल्या. गाडी लागली, माणसं दाराशी लोटली, आणि वहिनींच्या छातीत धडधडायला लागलं, हातापायांना घाम फुटला. गाडी सोडून त्या तशाच घरी आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "गाडीच आली नाही." खरं काय ते त्यांनी मला वर्षभरानं सांगितलं. ज्या बाईनं तीन लेकरं काखेत घेऊन गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तिला गाडीत चढवेना. यात लाजण्यासारखं काय आहे? दोन वर्षं 'माणसाजवळ जाऊ नका' हेच आपण ऐकलं. ते अंगात भिनलं. एका आदेशानं ते आत गेलं, पण एका आदेशानं बाहेर कसं येईल? मग वहिनींनी थोडं थोडं करून पाहिलं. आधी कोपऱ्यापर्यंत. मग बाजार सुटायच्या वेळी, गर्दी कमी असताना. मग स्टँडवर नुसतं बसून यायचं. मग एक दिवस बारामती. पण एवढं करूनही धडधड थांबत नसेल, रात्रीची झोप उडत असेल, तर अंगारेधुपारे करत बसू नका, डॉक्टरांशी बोला. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरवर फोन करून मराठीत बोलता येतं. तापाला गोळी घेतो तसंच हे.

आता मला जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे. कारण त्यात माझी चूक आहे.

आमच्या बाराजणींपैकी एक २०२१मध्ये गेली, ती गेलीच. एक पुण्याला मुलाकडे राहायला गेली. आणि एकीचा नवरा दुसऱ्या लाटेत गेला. एप्रिल २०२१. चाळिशीतली बाई, दोन मुलं. शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. भेटायला कुणी जायचं नाही असा तो काळ. आम्ही फोन केले, जमेल तसा डबा दारात ठेवला. जवळ बसून रडायला मात्र कुणी नव्हतं.

पुढे सगळं उघडलं. जानेवारी २०२३च्या संक्रांतीला मी घरी हळदीकुंकू करायचं ठरवलं. तीन वर्षांनी पहिल्यांदाच. हौसेनं यादी केली. आणि त्या यादीत मी तिचं नाव लिहिलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नाही. हात आपोआप पुढच्या नावावर गेला. 'तिला वाईट वाटेल, कशाला अवघडल्यासारखं करायचं' अशी मनाची समजूतही घालून झाली. सासूबाईंनी यादी पाहिली. चष्मा पुसत म्हणाल्या, "अगं, एक नाव राहिलं बघ." मी म्हटलं, "आई, तिला कसं...?" तर त्या म्हणाल्या, "लस घ्यायला गेले होते तेव्हा रांगेत चक्कर आली. मला धरून घरी आणून सोडलं कुणी? तेव्हा नाही ते अवघड वाटलं?"

मी गप्प झाले.

आदल्याच वर्षी, ४ मे २०२२ला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावानं ग्रामसभेत ठराव केला होता. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं, हे सगळं आमच्या गावात बंद. १७ मेला राज्य सरकारनंही सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचं उदाहरण पुढे ठेवायला सांगितलं. तेव्हा ती बातमी मी मोठ्यानं वाचून दाखवली होती, 'वा वा' म्हटलं होतं. आणि आठ महिन्यांनी स्वतःच्या घरातल्या यादीत मी काय केलं? दुसऱ्याच्या गावातल्या ठरावाला टाळ्या वाजवणं सोपं असतं.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. आमंत्रण दिलं. ती म्हणाली, "कुंकू लावायचं की नाही ते माझं मी बघेन. वाणाचंही काही नाही. पण तुम्ही सगळ्या पुन्हा एकत्र बसणार आणि मला रस्त्यावरून आवाज ऐकू येणार, त्याची मला भीती वाटत होती."

ती आली. हळदीकुंकू तिनं स्वतः पुढे होऊन लावून घेतलं. दोघीजणींनी नाकं मुरडली, लवकर उठून गेल्या. त्याचं काही नाही. जाणाऱ्या गेल्या, पण ती बसली ते महत्त्वाचं.

आणि गंमत बघा. जिला आम्ही यादीतून गाळायला निघालो होतो, तीच आमच्यातली सगळ्यात जास्त बाहेर पडलेली बाई निघाली. तिला घरात बसून चालणारच नव्हतं. मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, कोरोनानं गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या पन्नास हजारांच्या अनुदानाचा ऑनलाइन अर्ज, बँक, तहसील. नवऱ्याची स्कूटर शेडमध्ये धूळ खात होती, ती पहाटे मैदानावर नेऊन शिकली. आम्ही घरात बसून 'बाहेर कसं पडायचं' म्हणत होतो, तेव्हा ती रडत का होईना, गावभर फिरत होती. नवरा जावा लागला तेव्हा बाईच्या बाहेर पडण्याला कुणी कारण विचारलं नाही, ही आपली रीत. ती बदलायला नको का?

म्हणूनच 'सगळं पहिल्यासारखं होऊ दे' असं लोक म्हणतात ना, तेव्हा मला जरा थांबायला होतं. पहिल्यासारखं म्हणजे नेमकं काय? गप्पा पहिल्यासारख्या होऊ देत. भिशी, भजनी मंडळ, कोजागिरी होऊ दे. पण यादीतून नाव गाळणं पहिल्यासारखं नको. कर्ज काढून लग्न पहिल्यासारखं नको. भेंडी चिरणाऱ्या हातानं पुन्हा नुसता पेपर धरणं, तेही पहिल्यासारखं नको. माळ्यावरचं सामान एकदा खाली काढलं की सगळंच परत चढवायचं नसतं, थोडं भंगारातही द्यायचं असतं.

आणि बाहेर पडायला कारण लागणं, तेही भंगारात द्यायच्या सामानातच धरा.

फलटणला माउलींची पालखी मुक्कामी असते. २०२० आणि २०२१मध्ये पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, आमचं गाव दोन आषाढ सुनं राहिलं. २०२२ला पालखी पायी आली तेव्हा आमच्या ओसरीवर पिठलंभाकरी खायला बायकांची दिंडी बसली होती. त्यातल्या एका म्हाताऱ्या माउलीला मी विचारलं, "आजी, या वयात एवढं चालवतं का? घरचे काही म्हणत नाहीत?" ती हसली. म्हणाली, "म्हणत्यात की. पर दोन सालं घरात बसून गुडघं जास्ती दुखलं." डोक्यावरचं तुळशीवृंदावन सावरत ती चालायला लागली. शेतात राबणाऱ्या, वर्षभर दम न खाणाऱ्या या बायका वर्षातले अठरावीस दिवस घर मागं टाकून निघतात. त्यांच्याकडेही कारण आहेच, आणि ते विठोबाचं आहे, त्यामुळे कुणाची नाही म्हणायची टाप नाही. आपल्यासारख्या रोजच्या बायकांना रोजच्यासाठी एवढं मोठं कारण कुठून आणायचं? त्यापेक्षा कारण न देण्याचीच सवय लावून घेऊ.

मार्च २०२३पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालं. आम्ही सहाजणी त्या उन्हाळ्यात शिखर शिंगणापूरला जाऊन आलो. ठरवलं कुणी? स्कूटरवालीनं. वहिनींना खिडकीची जागा दिली, त्यांचा हात मी धरून ठेवला होता. येताना सोडायचं भानच राहिलं नाही.

पण मधल्या काळात पुन्हा ढिलाई झाली. कुणाचे गुडघे, कुणाची नातवंडं. म्हणून परवा वही सापडल्यावर मी एक केलं. कोरं पान उघडलं. तारीख घातली, दुसरा रविवार, दुपारी चार. नावं लिहिली. दहा जुनी, दोन नवी. भिशीचे पैसे ठेवायचे की नाही ते नंतर ठरवू. मग पिशवी न घेता, डबा न घेता चपला पायात घातल्या. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर करून विचारलं, "कुठे निघालीस?"

मी म्हटलं, "जरा जाऊन येते."

त्यांनी एकदा माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं. भेंडी आहे ना घरात? चिरून ठेवतो."

मैत्रिणींनो, या आठवड्यात एकदा तुम्हीही जाऊन या. रिकाम्या हातानं. आणि वाटेत जिचं दार अजून लोटलेलंच दिसेल, तिची कडी वाजवा.